खताच्या पोत्याचे गणित

मृगाचा पाऊस स्थिरावून सरद हंगामाची लावणी सुरू झाली की, खाजनातल्या शेतकऱ्यापासून मोरड जमीन कसणाऱ्या कुळापर्यंत सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : भाताला युरिया किती घालावा? कोणी शेजाऱ्याचे पाहून घालतो, कोणी दुकानदाराचे ऐकून. हा प्रश्न अनुकरणावर सोडण्याइतका क्षुल्लक खचित नाही.

एका शेतावर एका वर्षी केलेला प्रयोग मार्गदर्शक वाटला, तरी तो बहुधा फसवा असतो. पाऊस, वाण आणि मातीचा पोत बदलला की निष्कर्षही बदलतो. म्हणूनच अनेक ठिकाणचे, अनेक वर्षांचे प्रयोग एकत्र मांडून त्यांचा कौल घ्यावा लागतो. १९४१ साली, महायुद्धाच्या टंचाईत, क्राउदर आणि येट्स या शास्त्रज्ञांनी ब्रिटन व उत्तर युरोपात १९०० पासून झालेल्या खतप्रयोगांची अशीच जुळणी केली आणि ब्रिटनच्या खतधोरणाला शास्त्रीय आधार दिला. अमेरिकेतील मका पिकविणाऱ्या काही राज्यांनी २००५ च्या सुमारास हाच मार्ग धरला.

त्यामागील सूत्र साधे आहे. नत्राचा पहिला किलो जेवढे धान्य वाढवितो, तेवढे शेवटचा वाढवीत नाही. अखेरच्या किलोने दिलेल्या धान्याचे मोल त्या किलोच्या किमतीशी बरोबर झाले की हात आवरावा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. गरजेपलीकडे ते घातले तर भात लोळते, करपा व किडी बळावतात, आणि उरलेले नत्र काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर वाहून जाते. खाजनाचे पाणी मानशीतून नदीतच उतरते, हे मासळीवर जगणाऱ्या आपल्या प्रदेशाने विसरू नये.

आपल्या देशात मृदापरीक्षण व पीक-प्रतिसादाचा समन्वित प्रकल्प १९६७-६८ पासून चालू आहे. एला येथे केंद्रीय कृषी संशोधन संस्थाही आहे. तेव्हा ज्ञानाचा अभाव ही सबब चालणार नाही. आमची मागणी एवढीच की, संशोधन केंद्र, कृषी खाते आणि शेतकऱ्यांची शेते येथील सर्व प्रयोगांचे आकडे, फसलेल्या प्रयोगांसह, एकत्र करावेत. खाजन, खेर व मोरड यांचा तसाच सरद व वायंगण यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा. आणि तो मराठी-कोंकणीत मृगापूर्वी गावोगाव पोचवावा.

शेतकऱ्यांनीही शेताचा एक पट्टा नत्राविना राखून त्याचे पीक वेगळे मोजावे. त्या पट्ट्याशी तुलना केल्यावाचून खताने काय दिले हे कळणार कसे? भातशेती परवडत नाही म्हणून शेते पडीक टाकली जात असताना, वाया जाणारे प्रत्येक पोते त्या पडीकपणाला हातभार लावते. अंदाजाचे ओझे शेतकऱ्याच्या माथी ठेवून शासनाने स्वस्थ बसणे आता पुरे झाले.