पोच हीच हुंडी

नाशिकच्या अंबडमध्ये भरलेली गाडी द्वारकेवरून पुणे रस्त्याला लागते, तेव्हा डिझेल, फास्टॅग आणि ड्रायव्हरचा भत्ता रोखीने गेलेला असतो. भाड्याच्या बिलाचे पैसे मात्र साठ, कधी नव्वद दिवसांनी हाती येतात. मधला खड्डा आपल्यापैकी अनेक जण महिना दोन टक्क्यांच्या पैशाने बुजवतात. लाखाच्या बिलावर दोन महिन्यांचे चार हजार. तेच बिल फॅक्टरिंगमध्ये, म्हणजे मुदतीआधी विकून, वर्षाला ९ टक्क्यांनी वटले, तर साठ दिवसांचे साधारण १,४८० रुपये कापले जातात. वर थोडे शुल्क. मुदती हुंडी आधीच वटवून बट्टा सोसण्याची रीत आपल्या पेठांना नवी नव्हती. नवीन आहे ती व्यवस्था.

रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचांची, ‘ट्रेड्स’ची, चौकट आखली. आरएक्सआयएल, एमवन एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे मंच २०१७ पासून चालू आहेत. उद्यम नोंदणी असलेला गाडीमालकही तिथे बिल चढवू शकतो. कंपनीने ते मान्य केले की बँका बोली लावतात, आणि पुढे कंपनीने पैसे थकवले तरी वसुलीसाठी आपले दार कोणी ठोठावत नाही. मंचाबाहेरच्या फॅक्टरिंगमध्ये ही हमी गृहीत धरू नका. तिथे अनेकदा बुडीत बिल आपल्याच गळ्यात परत येते, म्हणून करारातले ते कलम आधी वाचा.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत या मंचांवर नोंदणी करणे सक्तीचे झाले. पण सक्ती नोंदणीची आहे, आपले बिल मान्य करण्याची नाही. पार्टीचा अकाउंट विभाग हललाच नाही, तर नोंदणी कागदावरच राहते.

आता आपल्या घरातली गोष्ट. बिल मान्य होते ते पोच पाहून. बिल्टीवर सही-शिक्का घेतलेली पोच कुठल्या तरी गोदामात किंवा कुरिअरमध्ये वीस दिवस अडकली, तर फॅक्टरिंगवाला काय करणार? त्याचे काम बिल मान्य झाल्यावर सुरू होते. पोचवर ‘दोन नग कमी’ असा शेरा असेल, तर तो वाद मिटेपर्यंत बोलीच नाही. ड्रायव्हरने गाडी रिकामी होताच पोचचा फोटो पाठवायचा आणि ऑफिसने त्याच दिवशी बिल काढायचे, एवढे जमले तरी कित्येकांचे दोन-तीन आठवडे वाचतील. त्याला कसला बट्टाही लागत नाही.

आणखी एक. भाडेच परवडणारे नसेल, तर बिल लवकर वटवून तोटा फक्त लवकर हाती येतो. फेरीमागे तीन टक्के सुटत असतील, तर दीड टक्का बट्टा म्हणजे निम्मा नफा. तेव्हा दर ठरवतानाच पार्टीला दोन भाव सांगा: पंधरा दिवसांचा वेगळा, साठ दिवसांचा वेगळा. द्वारकेच्या चहाच्या टपरीवर हे बोलले की लोक हसतात. पार्टी हातची जाईल, म्हणतात. काही जातीलही.