कुंपणाबाहेरचे विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की प्रवेश, वर्ग आणि पदवी यांचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कृषी विद्यापीठाला मात्र अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीने तिसरे कर्तव्यही असते. ते म्हणजे विस्तारकार्य. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान गरजूंच्या दारापर्यंत नेणे, हा त्याचा अर्थ. या ज्ञानावर शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांचाही तितकाच हक्क आहे.

अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने या कार्याला देशव्यापी रूप आले. तत्पूर्वीच तेथे ग्रामीण मुलांची मंडळे सुरू झाली होती. प्रौढ शेतकरी नव्या पद्धती स्वीकारण्यास कचरत. मुले मात्र जमिनीच्या लहानशा तुकड्यावर मका लावून पाहत. मुलांचे पीक पाहून घरातील वडीलधाऱ्यांचे मन वळे. अशा मंडळांतूनच ‘फोर-एच’ ही युवक चळवळ उभी राहिली. पुढे शहरांतील बागप्रेमींच्या शंकांना उत्तरे देताना विस्तार अधिकारी अपुरे पडू लागले. तेव्हा १९७० च्या दशकाच्या आरंभी वॉशिंग्टन राज्यात स्वयंसेवकांना बागकामाचे शिक्षण देण्यात आले. शिकलेल्यांनी त्या बदल्यात ठरावीक तास लोकांना मार्गदर्शन करावे, एवढीच अट होती.

आपल्या देशातील पहिले कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगर येथे याच धर्तीवर स्थापन झाले. पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. आज अशी ७०० हून अधिक केंद्रे असून महाराष्ट्रातील राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचाही या कार्यात वाटा आहे. माती परीक्षण, रोपवाटिका, अळिंबी उत्पादन, मधमाशीपालन यांचे प्रशिक्षण ग्रामीण युवकांना तेथे मिळू शकते.

तरीही वस्तीतील परसबागेपर्यंत हे ज्ञान क्वचितच पोहोचते. पावसाळ्यात समारंभाने रोपे लावली जातात आणि उन्हाळ्यात तीच वाळून जातात. उणीव रोपांची नसते. ‘पाने पिवळी का पडली?’ असे ज्याला विचारावे, त्या माणसाची असते. एका केंद्रात साधारणतः सहा विषय विशेषज्ञांची योजना असते. संपूर्ण जिल्ह्याचा भार वाहणाऱ्या या मंडळींनी प्रत्येक वस्तीत जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे.

म्हणूनच प्रत्येक केंद्राने आसपासच्या वस्त्यांतील तरुण-तरुणींना बागकामाचे शिक्षण द्यावे आणि एकेका सामुदायिक बागेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी, असे मला वाटते. बेरोजगार तरुणाने विनामूल्य का राबावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. सेवेचे तास मर्यादित असावेत, केलेल्या कामाचे प्रमाणपत्र मिळावे आणि स्वयंसेवकांच्या नावाखाली पगारी पदे रिक्त ठेवली जाऊ नयेत. कलम बांधणे, रोपे तयार करणे, कीड ओळखणे ही कौशल्ये पुढे उपजीविकेचे साधनही होऊ शकतात.

मात्र लोकांनी मागणी केल्याशिवाय विस्तारकार्य विस्तारत नाही. आपल्या जिल्ह्यातील केंद्र कोठे आहे, याची चौकशी प्रत्येकाने करावी. तेथे जाताना पदवीची आवश्यकता नाही; आपल्या मातीविषयीचा एखादा प्रश्न बरोबर असला म्हणजे पुरे.