माळ्यावर टाइल? जरा थांबा राव!

दशभुज गणपती आणि बामणघळ बघायला लोक हेदवीला येतात, आणि मग पुण्या-मुंबईत बसलेल्या आपल्यासारख्यांना गावचं घर आठवतं. होम स्टे काढू! आमच्याकडे सध्या हेच वारं आहे. चुलतभावाचा प्लॅन तयार आहे: माळ्याच्या लाकडी फळ्यांवर थेट सिरॅमिक टाइल, वर पाहुण्यांच्या दोन खोल्या. गवंडी म्हणतो, "काय होत नाय." दादा, हे वाचत असशील तर आधी थोडं गणित करू.

टाइलखाली वाळू-सिमेंटचा दीड इंच थर धरला, तर टाइलसकट चौरस मीटरला साधारण १०० किलो होतात. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीत टनभर वजन, तेही कायमचं. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरा असं आयएस ८७५ सांगतं. त्याच्या निम्मं ओझं पाहुणा यायच्या आधीच तुळयांवर! त्या तुळया आजोबांच्या सुताराने नारळ आणि भाताची पोती डोळ्यांसमोर ठेवून घातल्या होत्या. आणि खाली माजघरात आजी झोपते.

"मग केमिकलने चिकटवू, थर पातळ." ठीक, वजन कमी झालं. पण फळी पावसाळ्यात आडवी फुगते, मे महिन्यात आक्रसते. टाइल यातलं काहीच करत नाही. भांडण झालं की तडा टाइललाच जाणार. अमेरिकेत लाकडी घरांत टाइल बसवतात हे खरं, पण मध्ये प्लायवूड किंवा सिमेंट बोर्ड घालून, आणि तुळईचा झोल लांबीच्या ३६०व्या भागात बसतो का हे तपासून. १२ फुटांना हा झोल जेमतेम १० मिमी येतो. आपल्या माळ्यावर एक माणूस चालला तरी खाली माती गळते, राव.

सगळ्यात वाईट म्हणजे पाणी. सांधे तडकले की पुसलेल्या फरशीचं पाणी फळीवर जाऊन बसणार. आज ती फळी वरून-खालून वाळते. वरून झाकली की ओल आत, आणि वाळवीला आमंत्रण. वरून चकाचक, त्यामुळे कळणारही नाही. जुन्या कोडवर नवा यूआय चढवून डेमो देणारे आपण, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

खालच्या जमिनीवर खुशाल टाइल घाला, माझी हरकत नाही. सारवून काकूची कंबर गेली आहे आणि "शेणाची जमीन किती गार" म्हणणारे आपण वर्षातून चार दिवस जातो. माळ्यावर मात्र गवंडी नको, सुतार बोलवा. किडलेल्या फळ्या बदला, तुळया ठोकून बघा, तेल द्या. पाहुण्यांचं बाथरूम खालीच, पडवीच्या बाजूला. त्याचा अर्धा खर्च मी देतो.