मेमरीची हद्द

लिनक्सच्या जुन्या नेटवर्क ड्रायव्हरचे ‘प्रोब’ फंक्शन उघडून पाहिले, की त्यातील कित्येक ओळी कार्ड चालविण्याच्या कामी नव्हे, तर मागून घेतलेली मेमरी अपयशाच्या प्रत्येक पायरीवरून उलट क्रमाने परत करण्याच्या कामी खर्ची पडल्याचे दिसते. आणि त्या ‘गोटू’च्या उतरंडीतील एखादे लेबल चुकले, तर ते चुकते नेमके अशा वाटेवर, जिची परीक्षा सहसा कोणी घेत नाही. 2007 साली 2.6.21 या आवृत्तीत ‘डेव्हरेस’ची तजवीज झाली, तेव्हापासून ‘डेव्हएम-केझॅलॉक’ने घेतलेली मेमरी, ड्रायव्हर उपकरणापासून सुटताच, कर्नल स्वतः मोकळी करतो.

तथापि दिसेल तेथे ‘डेव्हएम’ जोडणे म्हणजेच सुलभीकरण, हा व्यवसायबंधूंत रूढ होऊ पाहणारा समज आम्हांस मान्य नाही. पेणहून रोह्यास येणारी गाडी मध्य रेल्वेच्या हद्दीतून धावते आणि रोह्यापुढे कोलाडच्या वाटेवर कोकण रेल्वेच्या हद्दीत शिरते; उतारूस त्या सांध्याचा पत्ताही लागत नाही, परंतु रूळ कोणाच्या जिम्म्यात, याविषयी दफ्तरी संदिग्धता नसते. ड्रायव्हरमध्येही खासगी रचना उपकरणाबरोबर जगते, तर पाकिटांची रिंग इंटरफेस सुरू होताना जन्मून बंद होताना संपते. ती रिंग ‘डेव्हएम’च्या हवाली केली, तर ‘ईथटूल’ने आकार बदलण्याच्या प्रत्येक हुकुमासरशी नवी रिंग येते आणि, ती हाताने सोडवली नाही तर, जुनी उपकरण सुटेपर्यंत पडून राहते. रूढ व्याख्येने ही गळती नव्हे, हे खरे. पण यंत्रास व्याख्येचे काय!

आमच्या मते खरे सुलभीकरण मागण्यांची संख्याच घटविण्यात आहे. रचना एकदा आणि रांगांची सारणी पुन्हा, असे दोन अर्ज न करता रचनेच्या अखेरीस लवचीक सारणी ठेवून ‘स्ट्रक्ट-साइझ’ने एकच मागणी केली, म्हणजे अपयशाची एक वाट नाहीशी होते, आणि आकाराचा गुणाकार हाताबाहेर गेल्यास मागणी सरळ नामंजूर होते. शून्य भरूनच मिळणाऱ्या डीएमए-मेमरीवर पुन्हा ‘मेमसेट’ चालविणे, किंवा प्रोबमध्ये थांबण्याची मुभा असताना ‘जीएफपी-अ‍ॅटॉमिक’ मागणे, या निव्वळ जुन्या वहिवाटी होत.

सर्वांत घातक ती अर्धवट सुधारणा. इंटरप्ट ‘डेव्हएम’कडे आणि नेटडिव्हाइस मात्र हाताने सोडवायचे, असे ठरविले, की ‘रिमूव्ह’मध्ये आधी नेटडिव्हाइस जाते आणि इंटरप्ट मागाहून, मधल्या क्षणी तो आलाच, तर हँडलर मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो.