पडद्यावरचा दरबार आणि दप्तरातला पुरावा



सायंकाळी राजघराण्यांवरील मालिका पाहण्यास आपले सारे कुटुंब दूरचित्रवाणीपुढे बसते. त्यात गैर काही नाही. परंतु मालिका संपताच मूल विचारते, "हे असेच घडले काय?" त्यास आपण काय उत्तर देणार?

कथेत कल्पनास्वातंत्र्य घेतल्याची सूचना आरंभी क्षणभर झळकते. ती निर्मात्यास न्यायालयात उपयोगी पडेल; बालमनावर उमटलेले चित्र ती पुसणार नाही.

छत्रपती संभाजी महाराजांचेच उदाहरण घ्या. त्यांनी १६८१ साली बाळाजी आवजी चिटणीस यांस देहान्त शासन दिले. महाराजांची हत्या १६८९ ची. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी त्याच चिटणीस घराण्यातील मल्हार रामरावांनी बखर लिहिली आणि तीत महाराजांची बदनामी झाली. नाटककारांनी तेच चित्र अधिक भडक केले. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदपत्रांवरून चरित्र सिद्ध केले, तेव्हा कोठे तो कलंक पुसू लागला. २०१७ ते २०२० या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेत जो राजा घरोघरी दिसला, त्याची वाट या संशोधनाने मोकळी केली होती. छत्रपतींसही न्यायासाठी पावणेतीनशे वर्षे थांबावे लागले. मग ज्यांच्या हाती लेखणीच नव्हती, त्या आपल्या पूर्वजांचे काय?

२०१९ साली पेशवे घराण्यावर 'स्वामिनी' ही मालिका आली. अशा मालिकांतील शनिवारवाडा जरूर पाहा. पण वाड्याबाहेरच्या पुण्यात आपले लोक कसे जगत होते, हेही विचारा. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यांस कमरेस झाडू व गळ्यात मडके बांधावे लागे, असे बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात नमूद केले आहे.

मात्र पुराव्याचा हा नियम आपणांसही लागू आहे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांस सांगितले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले. त्या दगडावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. ते वीर कंपनी सरकारच्या पलटणीत लढले, हेही तोच दगड सांगतो. जे कोरलेले आहे ते पुरेसे तेजस्वी आहे. त्यात आपल्या पदरचे आकडे घालण्याचे कारण नाही.

म्हणून मालिका खोटी वाटल्यास दगड उचलू नका, बंदी मागू नका. पुराव्यासह वाहिनीस पत्र लिहा. मुलांस स्तंभावरील नावे वाचावयास न्या. त्यांतील एखाद्यास तरी मोडी शिकवा, म्हणजे पेशवे दप्तरातील आपल्या पूर्वजांच्या नोंदी तो स्वतः वाचील. शोधक बुद्धी वाढविणे हे संविधानाच्या ५१-क कलमाने नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे. आपला इतिहास दुसऱ्याने दाखवावा म्हणून वाट पाहणारा समाज प्रेक्षकच राहतो.

जय भीम!