मराठीला जागा कुठल्या फळीवर?

न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांत व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायच्या, त्या काळी मराठी सिनेमा मागितला की दुकानदाराला खाली वाकावे लागायचे. आता दुकानदार गेला, वाकायचे काम आपल्याकडे आले. नेटफ्लिक्सवर चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो सापडतो. २०२० साली व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळालेला सिनेमा! इथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात कितीजणांनी पाहिला ते विचारा. हात मोजायला वेळ लागणार नाही.

हे सुचायचे कारण कॅनडा. तिथे एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंगचा कायदा झाला. कॅनडात वर्षाला अडीच कोटी कॅनेडियन डॉलर किंवा जास्त कमावणाऱ्या, तिथल्या प्रसारकांशी संबंध नसलेल्या कंपन्यांनी उत्पन्नातले ५ टक्के स्थानिक निर्मितीला द्यावेत, असा आदेश नियामकाने जून २०२४ मध्ये काढला. कंपन्या कोर्टात गेल्या, वॉशिंग्टनच्या कपाळावर आठ्या. ‘लोकांनी काय बघावं ते सरकार कोण सांगणार?’ असे आयसेलिनमध्येही पुष्कळजण म्हणतात. ज्या देशाचा सिनेमा सगळ्या जगात खपतो त्याला असली सक्ती नकोच असणार. पण आपण इथे राहतो म्हणून आपणही तोच सूर लावावा, हे मला पटत नाही. मराठीची जागा हॉलिवूडच्या शेजारी नाही, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेकच्या शेजारी आहे.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १९७१ साली दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, तेव्हा शिवसेना रस्त्यावर उतरली. एप्रिल २०१५ मध्ये राज्याचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपटाची सक्ती जाहीर केली. लेखिका शोभा डे यांनी त्याविरुद्ध ट्वीट केले, त्यांच्या घरी वडापाव गेले, हक्कभंगापर्यंत प्रकरण पोचले. या सगळ्या गदारोळात नियम मात्र सैल झाला: दुपारी बारा ते रात्री नऊ. कामाच्या दिवशी दुपारी बाराला कोण येणार? खेळ लावला, नियम पाळला, खुर्च्या रिकाम्या. मग ‘मराठीला प्रेक्षकच नाही’ म्हणायला मालक मोकळा.

युरोपने ही पळवाट हेरली. २०१८ च्या निर्देशात स्ट्रीमिंग कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये किमान ३० टक्के युरोपीय कलाकृती हव्यात, असे तर म्हटलेच, शिवाय त्या ठळकपणे दाखवल्या पाहिजेत, असेही बजावले. वाटा देऊन तळाच्या फळीवर टाकायची सोय ठेवली नाही. स्पेन २०२२ साली आणखी पुढे गेला. त्या ३० टक्क्यांतला निम्मा वाटा स्पेनमधल्या भाषांना, आणि त्या निम्म्यातले ४० टक्के कातालान, बास्क, गॅलिशियन अशा भाषांना. म्हणजे एकूण कॅटलॉगचे ६ टक्के. हे कोणी प्रेमाने दिले नाही. कातालान खासदारांनी अर्थसंकल्पाला पाठिंबा देताना ते सरकारकडून वसूल केले.

भारतात उद्या ‘भारतीय कंटेंट’चा कोटा आला तरी मराठीच्या पदरात काही पडणार नाही. तो हिंदीनेच भरेल. २०२१ च्या आयटी नियमांत वयोगटांची वर्गवारी आहे, तक्रार निवारणाच्या तीन पायऱ्या आहेत, भाषेला वाटा नाही. ओटीटीला कवेत घेणाऱ्या प्रसारण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि रेंगाळला. तो पुन्हा बाहेर येईल तेव्हा महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांनी कातालान मंडळींची नक्कल खुशाल करावी. भाषावार वाटा मागावा, आणि तेवढ्याच जोरात ॲपच्या पहिल्या पडद्यावरची जागा मागावी. दुसरी मागणी सुटली तर पहिलीचा पुन्हा दुपारी बाराचा खेळ होईल.

आपल्याला न्यू जर्सीत असल्या कुठल्याच कायद्याचा आधार मिळायचा नाही. झी५ २०२१ पासून अमेरिकेत आहे, त्यावर मराठी मालिका आहेत, आणि आपण पुण्यातल्या भावाच्या पासवर्डवर काम भागवतो! इथला मराठी प्रेक्षक कंपनीच्या हिशेबात गिऱ्हाईक म्हणून येतो तो इथल्या खात्यांवरूनच. तेव्हा वर्गणी आपल्या नावाने भरा, मराठी सिनेमा नाव टाइप करून शोधा आणि शेवटपर्यंत बघा.