काय करूचं सांगा की

जांबोटीत आषाढात दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी मावसबहिणीच्या ओसरीवर बसलो होतो. आत कपबशी फुटली. मागोमाग नऊ वर्षांचा भाचा बाहेर आला, माझ्या चपलांवरून उडी मारून सरळ पावसात पळाला. त्याच्या मागून काठी टेकत बहिणीच्या सासूबाई. "पावणं, ह्येला काय करूचं सांगा की," त्या म्हणाल्या. "पेपरात लिवतासा न्हवं?"

या सदरात माझं सर्पदंशाच्या औषधापासून आशाताईंच्या मानधनापर्यंत सगळ्यावर लिहून झालंय. पण पोराच्या वागण्यासाठी नेमकं कुणाकडे जायचं, याचं उत्तर त्या ओसरीवर माझ्याकडे नव्हतं.

घरच्यांनी काही केलं नव्हतं असं नाही. देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं. दंडात काळा दोरा होता. शाळेतून तीनदा निरोप आला होता: बाकावर बसत नाही, शेजारच्याला चावला. गाऱ्हाण्याची मी थट्टा करणार नाही. त्या घरातल्या बाईचं म्हणणं कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं, ते तिथंच. पण गाऱ्हाण्यानंतर वर्ष गेलं आणि पोर होतं तिथंच राहिलं. डॉक्टरचा विषय काढला की आजी कान झाकायच्या. आमच्याकडे एखाद्याला वेड्यात काढायचं तर 'धारवाडला न्या' म्हणतात. इंग्रज अमदानीतलं तिथलं वेड्यांचं इस्पितळ आज डिमहान्स या नावाची शिकवणारी, संशोधन करणारी संस्था झालंय. संस्थेचं नाव बदललं, आमची म्हण बदलली नाही.

सुरुवात आम्ही चुकीची केली, तीही माझ्याच सल्ल्यानं. शहरात एका गाळ्यावर 'बालसमुपदेशन' अशी पाटी वाचली आणि बहिणीला तिकडे धाडलं. तीन खेपा, प्रत्येकी सहाशे रुपये. पोराशी बोलणं एकूण दहा मिनिटं, तेही हिंदीत. उरलेला वेळ आईला उपदेश: मोबाईल देऊ नका, प्रेमानं वागवा. हे सांगायला जांबोटीत माणसं कमी नाहीत, आणि ती फुकट सांगतात. तिसऱ्या खेपेला कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की मूल सहकार्य करत नाही. अहो, ते सहकार्य करत नाही म्हणूनच तर आणलं होतं!

तेव्हा कुठं मी चौकशीला लागलो. जी माहिती मिळाली ती मलाच आधी असायला हवी होती. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्याच विषयात पुढं शिकलेला डॉक्टर. औषध लिहितो तो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तो चाचण्या घेतो आणि वागणं बदलण्याचं काम बैठकांतून करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२ च्या कायद्यानुसार, असावी लागते. नोंदणी क्रमांक मागायचा. मागितल्यावर जो चिडेल, त्याच्याकडून उठायचं. समुपदेशक या शब्दाआड मात्र उत्तम शिकलेला माणूसही असतो आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेलाही. २०२१ च्या कायद्यानं या मंडळींनाही नोंदणीच्या चौकटीत आणायचं ठरवलंय, पण ती चौकट आमच्या बाजारातल्या गाळ्यापर्यंत पोचेतो पाटी वाचून भुलायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे.

कर्नाटकाला या बाबतीत नाव ठेवताना जीभ जरा अडखळते. तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर मानसिक आजारांवर उपचार करता येतात, हे १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्सनं बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवलं, आणि १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला तो त्याच नमुन्यावर. मनोचैतन्य योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. जाण्याआधी फोन करून विचारावं हे बरं. बहीण अशाच एका मंगळवारी पोराला घेऊन गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता: "याला ऐकू नीट येतं का?"

एका कानात मळ घट्ट बसला होता. तो काढला. त्यानं सगळं सुटलं असं नाही, पण वर्गात मागच्या बाकावर तो का चुळबुळत होता याचा एक धागा सापडला. डोळे तपासले, झोपेचं विचारलं, फिट येते का विचारलं. 'द्वाड' म्हणण्याआधी हे सगळं बघायचं असतं. गोळी लिहून दिली नाही; बेळगावात मानसशास्त्रज्ञाकडे दर आठवड्याला जा म्हणाले.

बेळगाव किती लांब? किणये मार्गे तीसेक किलोमीटर. शक्ती योजनेमुळे आईला तिकीट नाही, पोराचं अर्धं. तरी एका खेपेत अख्खा दिवस जातो. गोठ्यात दोन म्हशी, पाऊस, शाळा बुडते ती वेगळीच. एकदाच कुणी मोठा डॉक्टर बघायचा असता तर उसनवारी करून पुण्याला नेलं असतं, आपली माणसं तसं करतातच. पण वागणुकीचं काम म्हणजे बारा-पंधरा आठवड्यांचा रतीब, आणि रतीब पुण्याहून घालता येत नाही. पुण्यातल्या नावाजलेल्या माणसापेक्षा मला बेळगावातला, नोंदणी असलेला, दर आठवड्याला भेटणारा साधा माणूस जास्त मोलाचा वाटतो.

आणि तो मराठी बोलणारा हवा. इथं सीमाप्रश्नाचं गुऱ्हाळ लावायची माझी इच्छा नाही. पोटात दुखतंय हे खुणेनंही सांगता येतं. रात्री छातीत धडधडतं, गुरुजींनी वही वाचताना सगळी हसली, हे कसं सांगणार? १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी बसवली, ती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. बेळगाव-धारवाडकडच्या मुलाला त्याच्या भाषेत विचारलं नाही तर उत्तर त्याच्या बुद्धीचं येत नाही, एवढं त्या माणसाला तेव्हा कळलं होतं. बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. मग सरकारी दवाखान्यात बसणारा मानसशास्त्रज्ञ नेमताना भाषिक अल्पसंख्याकांचा विचार का नसावा? आमच्या खानापूर तालुक्यात आठवड्यातून एक दिवस मराठी जाणणारा माणूस बसलाच पाहिजे. आमच्या पुढाऱ्यांनी मराठी पाटीसाठी जेवढा घसा कोरडा केला, त्यातला थोडा यासाठी राखून ठेवावा.

तोवर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्री-अपरात्रीही. भाषा निवडता येते. पलीकडून दुसरी भाषा आली तर भीड न ठेवता 'मराठी' म्हणावं. मुलाचं काम फोनवर पुरं होणार नाही, पण पुढं कुठं जायचं ते विचारता येतं. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात संगाथ संस्थेनं वेगळीच वाट दाखवलीय. आरोग्यक्षेत्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना नीट शिकवून त्यांच्याकडून नैराश्याच्या रुग्णांना आधार द्यायचा, हा त्यांचा प्रयोग २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तो मोठ्या माणसांसाठी होता. तरी आशाताई आणि अंगणवाडीताई असलेल्या तालुक्यानं तो नीट वाचावा असा आहे.

तर बेळगावच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काय केलं? पहिल्या दिवशी त्या पोराशी म्हशींवर बोलल्या. दुसऱ्या आठवड्यात बहिणीला वही घालायला सांगितली, तीन रकाने: आधी काय झालं, पोरानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. बहिणीनं डेअरीच्या जुन्या पुस्तकाची मागची पानं घेतली. दोन आठवड्यांनी त्या पानांवर जे दिसलं ते घरात कुणालाच दिसलं नव्हतं. फेकाफेक बहुतेक संध्याकाळी, धारेच्या वेळी, आई गोठ्यात आणि समोर शुद्धलेखनाची वही असताना. शेवटच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द: मोबाईल. त्याला गप्प करायला बाप तो हातात द्यायचा. म्हणजे कप फोडला की मोबाईल, हा हिशोब पोराला पक्का ठाऊक होता आणि आपण त्याला द्वाड म्हणत होतो.

मोबाईल बंद केल्यावर आठवडाभर पोरानं घर डोक्यावर घेतलं. असं होतं, आधी वाढतं, असं बाईंनी बजावलं होतं. नसतं बजावलं तर बहिणीनं चौथ्या दिवशीच हात टेकले असते. शुद्धलेखन सकाळवर गेलं, ओळी दहाच्या चार झाल्या. चार ओळी झाल्या की धारेला बरोबर, चरवी धरायला. वर्गातलं चावणं थांबलंय. बाकावर अजून बसत नाही. अक्षरांत काही अडचण आहे का, त्याची तपासणी व्हायचीय.

परवा बहिणीचा फोन आला, गाडीतूनच, मागं कंडक्टरची शिट्टी. वही प्लास्टिकात गुंडाळून मांडीवर होती म्हणे. "या आठवड्यात पाचच वेळा लिवलंय," ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून, "त्यातलं दोनदा सासूबाईंचं हाय."